मुंबई–लंडन: अंतर तेच, मग जाताना पावणेदहा तास आणि येताना पावणेनऊ का?

स्नेहा_मुलुंड

नमस्कार मंडळी. माझी आई (वय ७१) मार्चमध्ये पहिल्यांदाच एकटी लंडनला निघाली आहे, माझ्या बहिणीकडे. थेट विमान आहे. तिच्या गोळ्यांचं आणि जेवणाचं वेळापत्रक एका कागदावर लिहून द्यायला बसले आणि साध्या प्रश्नावर अडकले: प्रवास नेमका किती तासांचा धरायचा?

तिकिटावर मुंबईहून दुपारी १.१५, लंडनला संध्याकाळी ५.३५. म्हणजे साडेपाच तासांचा फरक मिळवून ९ तास ५० मिनिटं. जूनमधल्या परतीला कंपनीने ८ तास ४५ मिनिटं दाखवली आहेत. दोन शहरांमधलं अंतर सांगणाऱ्या एका साइटवर ७,२१० किमी आणि 'उड्डाण सुमारे ९ तास' असं दिसतं, दुसऱ्या साइटवर साडेआठ. बहिणीची शेजारीण म्हणते, ती ज्या कंपनीने येते ते विमान याहून लवकर पोचतं.

अंतर एकच असेल तर चार वेगवेगळे आकडे कसे? आणि आईच्या कागदावर यातला कोणता लिहू?

दर्यासारंग

एका शब्दात: वारा. जाणकार येऊन सविस्तर सांगतीलच, मी वाचायला बसलोय.

पिंपळपान

माझ्या माहितीप्रमाणे हे पृथ्वीच्या फिरण्यामुळे होतं. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान हवेत असताना खालची जमीन सरकते. शाळेत आम्हाला असंच सांगितलं होतं.

गणितवेडा

@पिंपळपान, तसं असतं तर निकाल नेमका उलटा लागला असता. जमीन पूर्वेकडे सरकते, म्हणजे पश्चिमेकडे निघालेल्या विमानाला लंडन समोरून भेटायला येतंय. मग जाताना कमी वेळ लागायला हवा. प्रत्यक्षात जातानाच जास्त लागतो.

एक हिशेब करून बघा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. मुंबईच्या अक्षांशावर हे अंतर होतं दीड हजार किलोमीटरहून जास्त. हवा जमिनीबरोबर फिरत नसती, तर दादरवर एक तास एका जागी तरंगणारं हेलिकॉप्टर तासाभराने थेट ओमानच्या किनाऱ्यावर असतं. शिवाजी पार्कावर उभं राहून आपल्याला दीड हजार किमी वेगाचा वारा लागत नाही, कारण हवाही आपल्यासोबतच फिरते.

पिंपळपान

ओमानचं उदाहरण आवडलं. पण मग वर हवेत वारा एकाच दिशेने का वाहतो, त्याचा तरी पृथ्वीच्या फिरण्याशी संबंध आहे का नाही?

डिस्पॅचवाला

आहे, पण आडवळणाने. मी एका विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचमध्ये नोकरी केली, आता निवृत्त आहे. उड्डाणाआधी मार्ग, इंधन, हवामान यांचा आराखडा बनवून कॅप्टनसमोर ठेवायचा, ही आमची टेबलवरची कामं. त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.

विषुववृत्ताकडची गरम हवा वर चढून ध्रुवांच्या दिशेने निघते. पृथ्वी फिरत असल्यामुळे ती वाटेत पूर्वेकडे वळते. उष्ण आणि थंड हवेच्या सीमेवर, साधारण ९ ते १२ किमी उंचीवर, तिचे पट्टे बनतात. तेच जेट प्रवाह. विमानंही याच उंचीवर उडतात. १९२० च्या दशकात जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून हे वारे मोजले होते. त्यांनी अहवाल एस्पेरांतो या फार थोड्यांना येणाऱ्या कृत्रिम भाषेत छापला, जगाचं लक्षच गेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानं जपानवर त्या वाऱ्यात सापडली तेव्हा सगळ्यांना त्याची किंमत कळली.

आता मूळ प्रश्न. स्नेहाताई, तुमचे चारही आकडे बरोबर आहेत, पण ते चार वेगळ्या गोष्टी मोजतात.

साइटवरचे ७,२१० किमी म्हणजे गोलावरचं सर्वांत कमी अंतर. त्या साइट हे अंतर ठरावीक वेगाने भागतात, कोणी ८०० धरतो कोणी ९००, वर अर्धा तास चढ-उताराचा मिळवतात, झालं. त्यात ना वारा असतो, ना बंद आकाश, ना धावपट्टीवरची रांग.

तिकिटावरच्या वेळेला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. चाकाखालचे ठोकळे काढून विमान जागेवरून हलतं तिथपासून, ते दुसऱ्या विमानतळावर ठोकळे पुन्हा लागेपर्यंत. म्हणजे ढकलगाडीने मागे सरकणं, धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर गेटपर्यंत येणं, सगळं त्यात आलं. प्रत्यक्ष हवेतला वेळ त्याहून अर्धा-पाऊण तास कमी.

वाऱ्याचा हिशेब ढोबळ आकड्यांनी सांगतो. विमानाचा हवेतला वेग ९०० धरा. प्रत्यक्ष उडायचा मार्ग वळसे धरून समजा ७,८०० किमी झाला. जाताना सरासरी ६० किमीचा समोरचा वारा असेल तर जमिनीवरचा वेग ८४०, म्हणजे सव्वानऊ तास. येताना तोच वारा पाठीशी, वेग ९६०, म्हणजे आठ तास आणि वर थोडी मिनिटं. दोन्हीकडे जमिनीवरचा अर्धा तास मिळवा. तुमच्या तिकिटावरच्या आकड्यांच्या अगदी जवळ येता की नाही?

प्रवाहाविरुद्ध वल्हवणाऱ्या होडीसारखंच आहे. वल्हं तितकंच मारायचं, काठ मात्र सावकाश सरकतो.

जुईची_वेल

किती सोपं करून सांगितलंत! मला एक विचारायचं आहे. वारा जाताना जितका अडवतो तितकाच येताना ढकलतो. मग दोन्ही मिळून हिशेब बरोबरीत सुटत असेल ना?

गणितवेडा

नाही, आणि ही माझी आवडती गोष्ट आहे, नववीच्या मुलांना दरवर्षी घालतो. वारा कुठलाही असो, जाऊन-येऊन मिळून तोटाच होतो.

७,२०० किमी, वेग ९००. वारा नसेल तर आठ अधिक आठ, सोळा तास. आता १५० किमीचा वारा आला. जाताना ७५० ने ९ तास ३६ मिनिटं. येताना १,०५० ने ६ तास ५१ मिनिटं. बेरीज १६ तास २७ मिनिटं. अर्धा तास गेला. कारण सरळ आहे: अडवणाऱ्या वाऱ्यात आपण जास्त वेळ राहतो आणि ढकलणाऱ्या वाऱ्यात कमी वेळ.

थेम्सकाठी

मी लंडनमध्येच असते. स्नेहा, तुझ्या बहिणीच्या शेजारणीचं म्हणणं खोटं नाही. कोणत्या देशाच्या कंपनीचं विमान आहे त्यावरही वेळ बदलते. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, भारतानेही त्यांच्या विमानांना केलं, आणि महिन्यामहिन्याने मुदत वाढत गेली. ही बंदी ब्रिटिश कंपनीच्या विमानाला लागू होत नाही. अर्थात त्या सुरुवातीच्या दिवसांत काही युरोपीय कंपन्यांनीही आपणहून तो भाग टाळला होता.

सातारी_कंदी

पण मुंबईहून लंडनला जायला पाकिस्तान कशाला लागतंय? समुद्रावरून सरळ पश्चिमेला जायचं. दिल्लीवाल्यांचं समजू शकतो.

डिस्पॅचवाला

@सातारी_कंदी, घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि लंडनवर एक दोरा ताणून धरा. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून जी रेघ येते ती हा मार्ग नव्हे. त्या रेघेने गेलात तर सुमारे ७,४०० किमी पडतात, दोऱ्याने ७,२१०.

दोरा मुंबईतून वायव्येला निघतो. बलुचिस्तानावरून पूर्व इराण, मग कॅस्पियन समुद्राची कड, जॉर्जियातल्या तिबिलिसीच्या आसपास जवळजवळ बरोब्बर अर्धं अंतर, तिथून काळा समुद्र, क्रिमिया, पश्चिम युक्रेन, पोलंड-चेक भाग, जर्मनी, लंडन.

आता हीच नावं पुन्हा एकदा वाचा. पाकिस्तान भारतीय विमानांना बंद. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून सगळ्याच प्रवासी विमानांना बंद. इराणचं अधूनमधून बंद होतं, १३ जून २०२५ ला इस्रायलच्या हल्ल्यानंतर झालं तसं, आणि त्या दिवशी युरोपच्या वाटेवरची कितीतरी विमानं अर्ध्यातून फिरली. सर्वांत जवळच्या रेघेवरचा बराच मोठा भाग आज वापरताच येत नाही. म्हणून विमान अरबी समुद्रावरून ओमानकडे जातं, आखात, इराक, तुर्कस्तान, मग रुमानिया-हंगेरीवरून वर. आणि हा मार्गही रोज तोच नसतो. त्या दिवशीचा वारा, इंधन, कुठल्या आकाशात गर्दी आहे, सगळं बघून आराखडा बनतो.

सरळ रेघ कागदावर राहते, विमान जिथून जाऊ देतात तिथून जातं. प्रवाशाला हे कोणी सांगत नाही, म्हणून तो कंपनीवर चिडतो.

अरुणकाका_पार्ले

राजकारणामुळे आकाश बंद होणं नवीन नाही. बालाकोटनंतर २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेर ते १६ जुलैपर्यंत पाकिस्तानने असंच केलं होतं. एअर इंडियाला त्यात २ जुलैपर्यंत ४९१ कोटींचा फटका बसल्याचं सरकारने राज्यसभेत सांगितलं होतं. जास्त इंधन, जास्तीचे वैमानिक, वाटेत थांबे. आत्ताच्या बंदीत इंडिगोची अल्माटी आणि ताश्कंदची विमानं बंदच झाली. त्यांच्या विमानांचा पल्ला नव्या वळशाला पुरेना.

आणि उलटीकडून बघा, २०२२ नंतर रशियाचं आकाश युरोपच्या कंपन्यांना बंद झालं. फिनएअरचं हेलसिंकी–टोकियो नऊ तासांचं होतं, ते तेरा तासांवर गेलं. ज्या कंपनीने 'आशियाला सर्वांत जवळचा रस्ता' यावर सगळा धंदा उभा केला तिच्यावर ही वेळ आली.

वऱ्हाडी_ठसका

तुमचं लंडन चालू द्या राजेहो, पण मी नागपूरचा प्रश्न विचारतो. मुंबई–नागपूर हवाई अंतर पावणेसातशे-सातशेच्या आत. तिकिटावर दीड तास, कधी एक पस्तीस, कधी एक चाळीस. विमान तासाला आठशेनं जाते म्हणता, मग पाऊण-एक तासात पोचायला काय होते?

उड्डाणपूल

@वऱ्हाडी_ठसका, मुंबईच्या विमानतळाचा नकाशा बघितलात का? दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी विमानं चालवता येत नाहीत, व्यवहारात धावपट्टी एकच. त्यावर ११ नोव्हेंबर २०२३ ला २४ तासांत १,०३२ विमानं हाताळली गेली. सरासरी दीड मिनिटाला एक! तुमचं नागपूरचं विमान त्या रांगेतलं एक असतं. संध्याकाळी नवव्या-दहाव्या क्रमांकावर उभं राहणं रोजचं आहे.

शिवाय वर चढताना आणि खाली येताना वेग आठशे नसतो. एवढ्या छोट्या पल्ल्यात चढून झालं की उतरायची तयारी सुरू होते. पूर्ण वेगाने जातं ते मधलं थोडंच.

वऱ्हाडी_ठसका

समजलं. म्हणजे मुंबईच्या रांगेचे पैसे नागपूरवाले वेळेत भरतात! मी सांगतो, समृद्धी पूर्ण सुरू झाल्यापासून आमच्या घरात वाद आहे. ७०१ किमी, जून २०२५ पासून नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे सलग. बाबा म्हणतात आठ तासांत गाडीने. मी म्हणतो विमान. पण घर ते विमानतळ, दोन तास आधी, दीड तास हवेत, पट्ट्यावर सामान, आणि मग अंधेरीपासून ठाण्यापर्यंतचा रस्ता, हे सगळं धरलं तर विमानाचेही सहा तास होतात. दोन तासांसाठी बाबा मानत नाहीत.

निंबोणी

बाबांना एवढंच सांगा की आठ तास गाडी चालवल्यावर दुसऱ्या दिवशी पाठ काय म्हणते ते पण मोजा. त्या सरळ रस्त्यावर डुलकी लागते. टायर तपासा, दोन तासांनी थांबा, रात्री नकोच.

कोल्हापुरी_गडी

भावांनो, मुंबई–कोल्हापूर हवाई अंतर जेमतेम तीनशे. पंख्याचं एटीआर विमान, वेग पाचशेच्या आसपास. तरी तासाच्या आत पोचतंय. गाडीनं आठ-नऊ तास, रेल्वेनं रात्रभर. आमच्याकडं वयस्कर माणसांना मुंबईच्या दवाखान्यात न्यायचं असलं की हे विमान म्हणजे देव. अंतर कमी असलं म्हणून काय झालं, रस्त्यात घाट आहे की.

आणि खिडकी मिळाली तर सोडू नका. पावसाळा संपता संपता सह्याद्री वरून बघायचा, एटीआर खालून उडतंय त्यामुळं धरणं, कडे सगळं स्पष्ट दिसतंय.

जुईची_वेल

सह्याद्रीचे फोटो असतील तर वेगळा धागा काढा ना!

चंद्रभागा

मूळ विषयाकडे यायच्या आधी माझा एक अनुभव. नोकरीसाठी मुंबई–कोलकाता नेहमी जाणं होतं. जाताना दोन तास चाळीस, येताना तीन तास, हे पाठ होतं. पण जुलै-ऑगस्टमध्ये मात्र येतानाच लवकर उतरल्यासारखं वाटायचं, कधी वेळेच्या वीस मिनिटं आधी. तेव्हा मला वाटायचं वैमानिक घाईत आहे. यालाही वाराच कारण आहे का?

डिस्पॅचवाला

@चंद्रभागा, फार छान निरीक्षण! हो, आणि हे खास आपल्याकडचं आहे. पावसाळ्यात पश्चिमेकडून वाहणारा जेट प्रवाह हिमालय-तिबेटच्या उत्तरेला सरकतो. त्याच वेळी भारतीय द्वीपकल्पाच्या वर, खूप उंचावर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा दुसरा जोरदार प्रवाह तयार होतो. तिबेटचं पठार तापतं, दक्षिणेला समुद्र तुलनेने थंड राहतो, त्या फरकातून तो येतो. मॉन्सूनच्या यंत्रणेचाच तो भाग आहे. म्हणून जूनअखेर ते सप्टेंबर कोलकाता–मुंबईला पाठीशी वारा मिळतो आणि हिवाळ्यात त्याच मार्गावर तोंडावर बसतो. कंपन्या हिवाळी आणि उन्हाळी वेळापत्रक वेगळं काढतात त्यात हाही हिशेब असतो.

तुषार_बे_एरिया

कॅलिफोर्नियातून बोलतोय. आमच्याकडच्या लोकांना हा विषय जिव्हाळ्याचा. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं १५,३०० किमी, म्हणजे चौदाशे किमी जास्त, आणि वेळ झाला साडेचौदा तास, आधीपेक्षा दोन तासांनी कमी! पूर्वेकडे निघालं की जेट प्रवाह सगळ्या वाटभर पाठीशी. परतताना पुन्हा पूर्वेकडेच, अटलांटिकवरून. एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा.

माझे आईबाबा त्या मार्गाने आले होते. बाबांना फार कौतुक. गावी सगळ्यांना सांगितलं, गोल फिरून आलो म्हणून.

सातारी_कंदी

लांबचा रस्ता लवकर पोचवतो! हे मी उद्या ऑफिसात सांगणार.

अरुणकाका_पार्ले

वाऱ्याच्या जोराचं आणखी एक उदाहरण: फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीवरचा वेग तासाला १,३०० किमीच्या वर. विमान आवाजाच्या वेगापलीकडे गेलं नव्हतं बरं का, सभोवतालची हवाच त्याच्यासोबत पळत होती.

आणि आता थोडं मागे. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं, वाटेत कैरो आणि जिनिव्हा. आपलं पहिलं आंतरराष्ट्रीय विमान. त्याआधी आमच्या आजोबांच्या पिढीला बोटीने सुएझमार्गे दोन-तीन आठवडे लागत. माझे मोठे काका बोटीने शिकायला गेले होते. घरचं पत्र त्यांना मिळायचं तोवर त्यातली बातमी शिळी झालेली असायची. आजी वारल्याचं त्यांना असंच उशिरा कळलं. अर्ध्या तासाच्या फरकावर आपण एवढी चर्चा करतो ती योग्यच आहे, पण पावणेदहा तासांत लेकीच्या दारात ही गोष्ट मला अजूनही थक्क करते.

थेम्सकाठी

काका, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझी आई आजारी पडली तेव्हा संध्याकाळी फोन आला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी डोंबिवलीत होते. ते पावणेनऊ तास संपता संपत नव्हते, पण पोचले.

स्वाती_नाशिक

मला कंपन्यांची एक गोष्ट खटकते. त्या वेळ मुद्दाम वाढवून लिहितात. मुंबई–दिल्ली हवाई अंतर साडेअकराशेच्या आसपास, प्रत्यक्ष हवेत पावणेदोन तास, तिकिटावर सव्वादोन. मग विमान वीस मिनिटं उशिरा सुटलं तरी 'आपण वेळेवर पोचलो आहोत' अशी घोषणा. हे प्रवाशांची दिशाभूल करणं नाही का?

डिस्पॅचवाला

स्वातीताई, तुमच्या बोलण्यात तथ्य आहे. वेळेवर पोचण्याचा हिशेब १५ मिनिटांच्या आत-बाहेर असा होतो आणि तो आकडा जाहीर होतो, त्यामुळे वेळापत्रकात उसंत ठेवण्याकडे कल असतो. पण दुसरी बाजूही मांडतो. मुंबई-दिल्लीत रांग लागणार, वर घिरट्या घालाव्या लागणार, हे माहीत असताना कमी वेळ छापणं जास्त अप्रामाणिक झालं असतं. तीच विमानं दिवसभर फिरतात. सकाळच्या फेरीत वीस मिनिटं कमी धरली तर रात्रीचं विमान दोन तास उशिरा जातं.

लंडनलाही तेच. हीथ्रोला बोव्हिंग्डन, लॅम्बर्न, ओकम, बिगिन अशा चार ठिकाणी विमानं वर घिरट्या घालत आपल्या पाळीची वाट बघतात. तुम्हाला खिडकीतून तेच शेत दोनदा-तीनदा दिसलं तर समजायचं, आपण त्यातल्या एकावर आहोत. घाबरायचं काहीच कारण नाही.

स्वाती_नाशिक

मला पटलं ते अर्धंच. रांग धरायची तर धरा, पण तिकिटावर 'हवेत इतकं, जमिनीवर इतकं' असं वेगळं छापायला काय हरकत आहे? माझ्या सासऱ्यांना गुडघ्यांमुळे जास्त वेळ बसवत नाही. त्यांना हे कळणं गरजेचं आहे.

जुईची_वेल

+१. फार चांगली सूचना.

स्नेहा_मुलुंड

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं काही मिळेल असं वाटलं नव्हतं. घिरट्यांची माहिती आईला नक्की सांगते, नाहीतर ती स्तोत्र म्हणत बसली असती.

दोन शंका उरल्या. परतीच्या तिकिटावर लंडन रात्री ९.३० आणि मुंबई सकाळी १०.४५ आहे. साडेपाच तास वजा केले तर पावणेआठच तास येतात, कंपनी मात्र ८.४५ म्हणते. आणि गोळ्यांचं कसं करायचं?

थेम्सकाठी

पहिलं सोपं आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर पुढे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. जूनमध्ये फरक साडेचार तासांचा. १३ तास १५ मिनिटांतून साडेचार वजा कर, ८.४५ येतात. आईचं जाणं त्या रविवारच्या आधी आहे ना, ते एकदा बघ. नंतर असेल तर तिकडच्या उतरण्याचा हिशेबही बदलेल.

निंबोणी

गोळ्यांबद्दल: घड्याळाची वेळ लिहू नका, 'निघाल्यापासून इतक्या तासांनी' असं लिहा. माझ्या आईच्या डॉक्टरांनी तसंच करून दिलं होतं आणि मुंबईची वेळ दाखवणारं साधं मनगटी घड्याळ हातातच ठेवायला सांगितलं होतं. मधुमेह असेल, इन्सुलिन असेल, तर मात्र स्वतःच्या मनाने काही ठरवू नका, तिकीट दाखवून डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. सगळी औषधं हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट. सामानात टाकलेली बॅग पोचली नाही तर पंचाईत.

पाय सुजतात, म्हणून कडेची सीट घ्या. खिडकी कितीही मोहाची असली तरी एवढ्या तासांत तीन-चार वेळा उठून चालायला कडेची बरी.

गणितवेडा

कागदावर ९.५० लिहा. ते कमी झालं तर बरंच आहे. आणि त्या आकड्याची खात्री करायची असेल तर एक युक्ती: फ्लाइटरडार२४ या साइटवर विमानाचा क्रमांक टाका. गेल्या आठवड्याभरात तेच विमान प्रत्यक्ष कधी सुटलं, कधी उतरलं आणि कुठल्या मार्गाने गेलं हे सगळं दिसतं. कुठल्याही अंतर-साइटपेक्षा हे भरवशाचं. निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा.

वऱ्हाडी_ठसका

आत्ताच नागपूरचं बघितलं. काल हवेत एक तास पाच मिनिटं! बाबांना दाखवतो.

स्नेहा_मुलुंड

बघितलं. पाच दिवसांत सर्वांत जलद आणि सर्वांत सावकाश यात चाळीस मिनिटांचा फरक आहे, आणि मार्ग खरंच ओमानवरून गेलेला दिसतो. तिथेच बसून राहिले होते, आईला फोन करून सांगितलं कुठल्या कुठल्या देशांवरून जाणार आहेस. ती म्हणाली, तुर्कस्तान दिवसा लागेल का? व्हीलचेअरचं मात्र तिला नको वाटतंय, मी चालू शकते म्हणते.

थेम्सकाठी

तिला सांग, व्हीलचेअर चालता येत नाही म्हणून नसते, हीथ्रोचे लांबच लांब रस्ते आणि इमिग्रेशनची रांग यासाठी असते. सोबत एक माणूस शेवटपर्यंत असतो, एकट्या माणसाला तोच मोठा आधार. कंपनीला किमान ४८ तास आधी कळवून ठेव. बहिणीला सांग, उतरल्यावर बाहेर यायला तास-सव्वा तास धर. आणि कोणत्या टर्मिनलला यायचं ते आधी बघायला सांग: एअर इंडिया असेल तर २, व्हर्जिन ३, ब्रिटिश एअरवेजचं मुंबईचं विमान ५. चुकीच्या टर्मिनलला गाडी लावली तर पुन्हा फिरून यायला वेळ जातो.

निघायचं तेव्हा मुंबईत उकडत असेल आणि इथे मार्चमध्ये संध्याकाळी सात-आठ अंश. स्वेटर आणि मोजे सामानात नको, हातातल्या बॅगेत ठेव.